आपला चेंडू आपण काढायचा

सोलापुरात लोक गोल्फ खेळायचे, हे मी आजवर जितक्या लोकांना सांगितलं तितक्यांनी ते हसण्यावारी नेलं. पुण्याच्या माझ्या मावसभावाला वाटलं, मी विटीदांडूलाच इंग्रजी नाव देते आहे. त्याचंही काही फार चुकलं नाही. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, शेंगांची चटणी आठवते आणि ऊन आठवतं. हिरवळ कुणालाच आठवत नाही, कारण ती नव्हतीच. आमच्या गोल्फच्या माळावर जी काही गवताची पाती उगवत ती मेंढ्या खात, आणि मेंढ्यांनी सोडलेल्या जागेत आमचे घरमालक गोल्फ खेळत.

घरमालकांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते एका कापडाच्या मिलमध्ये विव्हिंग मास्तर होते, म्हणजे विणकाम खात्याचे मुख्य. शाळेशी संबंध होता तो माझा. मी मुलींच्या शाळेत कवायत आणि खेळ शिकवत असे. एकोणतीस वर्षांची, बिनलग्नाची, गळ्यात शिट्टी आणि पायात कॅनव्हासचे बूट घालणारी बाई त्या काळात खोली बघायला आली की घरमालकांना एकदम आपला पुतण्या राहायला येणार असल्याची आठवण व्हायची. मास्तरांनी मात्र पाच मिनिटांत खोली दिली. फक्त किल्ली देण्याआधी माझ्या हातात टाइप केलेला एक कागद ठेवला. त्यावर एकोणीस नियम होते.

नियम चार असा होता: भाडेकरूस भेटावयास येणाऱ्या पुरुषाने आपली सायकल फाटकासमोर, रस्त्यावरून दिसेल अशी उभी करावी.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"गल्लीतल्या लोकांना खिडकीतनं वाकून बघावं लागतं वो बाई. म्हातारी माणसं हायत. मान अवघडते."

मला भेटायला येणारा पुरुष म्हणजे फक्त माझा धाकटा भाऊ. तो कुर्डुवाडीला रेल्वेत होता आणि स्टेशनवरून चालत यायचा. त्याच्याकडे सायकल नव्हती. मग नियम पाळला जावा म्हणून मास्तर स्वतःची सायकल काढून फाटकासमोर उभी करायचे आणि तो गेला की परत आत घ्यायचे. भाऊ म्हणायचा, ताई, तुझा घरमालक वेडा आहे. मी म्हणायचे, असू दे, नळ घरात आहे.

नळावरून आठवलं. नळाचा नियम नववा. पाणी तासभर यायचं, पाळी ठरलेली, आणि ज्याची पाळी चुकेल त्याने सर्वांत शेवटी उभं राहायचं. एका सकाळी मास्तर अंगाला आणि तोंडाला साबण लावून बसले असताना बादलीतलं पाणी संपलं. पंचा गुंडाळून ते बाहेर आले तोवर त्यांची पाळी होऊन गेली होती आणि मी माझी दुसरी बादली लावत होते. "मास्तर, घ्या आधी," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच मान हलवली. "नियम नऊ." माझी बादली झाली, घागर झाली, कळशी झाली, मग त्यांच्या बायकोचा हंडा झाला. तोवर साबण वाळून चेहऱ्याला तडे गेले होते. बायको म्हणजे अक्का. त्या अक्कलकोटकडच्या, रागावल्या की कन्नडमध्ये शिरायच्या. त्या दिवशी हंडा उचलताना त्या कन्नडमध्ये बरंच काही बोलल्या आणि मास्तरांनी ते साबणाआडून शांतपणे ऐकून घेतलं.

म्हणजे नियम करून दुसऱ्याला छळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, शाळेत तर रोज पाहत होते. स्वतःच्या नियमाखाली स्वतःला चिरडून घेणारा माणूस हा पहिलाच. त्यात कौतुक करावं असं काही आहे, असं तेव्हा मला वाटलं नव्हतं.

गोल्फचं वेड त्यांना मिलमधल्या कुणा साहेबाने लावलं होतं. साहेबाने गावाबाहेरच्या माळावर नऊ होलं खणून घेतली, चार हिंदी माणसांना काठी धरायला शिकवलं आणि तो विलायतेला निघून गेला. होलं राहिली. गोल्फच्या पुस्तकातल्या फोटोंत होलाभोवती मऊसूत हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. आमच्याकडे ग्रीनऐवजी ब्राऊन होती. मिलच्या यंत्रांतून काढलेलं काळं तेल वाळूत कालवायचं आणि होलाभोवती थापून त्याचा गोल करायचा, म्हणजे वाळू उडत नाही. चेंडू मारण्याआधी गोणपाटाचा तुकडा ओढून ती सारखी करायची. मास्तर दर रविवारी खाकी हाफ पँट, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे आणि डोक्यावर सोला हॅट असा पोशाख करून या वैभवाकडे निघत. ऐन एप्रिलातसुद्धा लोकरी मोजे. नियम होता.

क्लबात सभासद चार. एक मास्तर. दुसरे एक वकील, मास्तरांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, क्लबाचे सेक्रेटरी. तिसरा रेल्वेचा अधिकारी, तो नेहमी बदलीवर. चौथे एक आडत व्यापारी, ते वार्षिक सभेच्या जेवणापुरते खेळाडू. चेंडू झुडपात गेला की शोधायला माळावर मेंढ्या राखणारी एक धनगरीण होती. "मास्तर, तुमचं अंडं हितं बाभळीखाली हाय बगा," ती ओरडायची. "मेंढीनं हुंगलंय, खाल्लं न्हाय."

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात विजेचं मीटर बघायला एक माणूस आला. त्याने सहज विचारलं, ही पिशवीतली काठी कसली? झालं. मास्तरांनी काठी मोलाची म्हणून छत्री घेतली, अंगणातल्या नुकत्याच धुतलेल्या शहाबादी फरशीवर पाय रोवले आणि चेंडू कसा मारतात ते त्याला दाखवलं. छत्री वर गेली आणि मास्तर खाली आले. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. मीटरवाला घाबरून आकडा न लिहिताच पळाला.

ऑपरेशन पुण्याला झालं. खुब्याच्या हाडाचा वरचा गोळा काढून तिथे स्टीलचा बसवला. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: जुना पार्ट कुठे जमा केला? मिलच्या स्टोअरमध्ये जुना पार्ट दाखवल्याशिवाय नवा मिळत नसे, तेव्हा नवा बसला असेल तर जुना कुठेतरी असलाच पाहिजे. डॉक्टरांनी दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी सुटका करून घेण्यासाठी तो गोळा औषधात घालून एका बरणीत दिला. अक्कांनी निक्षून सांगितलं की बरणी स्वयंपाकघराकडे आली तर मी माहेरी जाईन. म्हणून ती बाहेरच्या खोलीत कपाटावर बसली, आणि समोरच्या खिडकीच्या काचेला एक्स-रे चिकटला. तब्येतीची चौकशी करायला आलेला पाहुणा चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच मास्तर म्हणायचे, "सांधा बघा की कसा जुळवलाय! कुटं एक धागा सुटला न्हाय." दुसरा घोट फार थोड्या पाहुण्यांनी घेतला.

डॉक्टरांनीही नियम दिले होते. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, कमरेतून वाकायचं नाही, आणि हे जन्मभर. मास्तरांना नियमांचा कागद दुसऱ्याकडून मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी तो पाळला. पूजेला खुर्ची आली, लग्नाच्या पंगती सुटल्या, सुताराने भोकाची एक खुर्ची बनवून दिली तिच्याविषयी मी काही लिहीत नाही. चालणं मात्र काही केल्या सुधारेना. वॉकर घेऊन ते अंगणात तीन फेऱ्या मारत आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसून फाटकाकडे बघत राहत. नवीन नियम करणंही थांबलं होतं. नळावर मी पाळी मोडून आधी बादली लावली तरी ते काही बोलले नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

अक्का माझ्या खोलीत आल्या. "तुमी खेळाच्या बाई की. ह्यास्नी चालायला शिकवा."

"अक्का, मी लेझीम शिकवते. खो-खो शिकवते. खुबे नाही."

"लई फरक नसतोय," अक्का म्हणाल्या, आणि प्रश्न मिटला.

अशा रीतीने रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मी शिट्टी घेऊन अंगणात उभी राहू लागले. एक-दोन-एक. मास्तर कुरकुरत चालायचे, पण शिट्टी वाजली की चालायचे. संक्रांतीपर्यंत वॉकर जाऊन काठी आली. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हळूहळू गोल्फ खेळायलाही हरकत नाही, फक्त वाकायचं नाही. मास्तरांनी त्याच दिवशी मोजे धुवायला टाकले.

आणि मग एका रविवारी वकील आले. बरोबर शाल, श्रीफळ आणि हार. ते चांगले सभ्य गृहस्थ होते. त्यांनी शाल टेबलावर ठेवली, खिडकीतला एक्स-रे न बघण्याची काळजी घेतली आणि म्हणाले, "मास्तर, क्लबाने ठरवलंय, तुम्हाला मानद सभासद करायचं. फळ्यावर नाव येईल. सभेत तुमचं भाषण ठेवू."

"मानद म्हंजे खेळायचं न्हाय," मास्तर म्हणाले.

"तसं... नियम सात आहे ना."

क्लबाचा नियम सात मास्तरांनीच केलेला, ते सेक्रेटरी होते तेव्हा. प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा तरी नऊ होलं चालत पुरी करावीत. होलात गेलेला चेंडू स्वतः, स्वतःच्या हाताने बाहेर काढल्याखेरीज होल पुरं झालं असं धरू नये. ज्याला हे जमणार नाही त्याला मानद करावं. वर्ष एप्रिलअखेर संपायचं. मारण्याचं मास्तरांनी बघून घेतलं असतं, चालण्याचं मी बघितलं असतं. पण जमिनीतल्या वीतभर खोल भोकातून चेंडू काढायचा आणि वाकायचं नाही, हे कसं जमणार?

वकिलांनी खिशातून दुसरा कागद काढला. "हे बघा, मी नियम रद्द करायचा ठराव लिहून आणलाय. सगळ्यांच्या सह्या लागतात, पण आपण चौघंच तर आहोत. बाकीच्या तिघांच्या सह्या झाल्यात. तुमची केली की संपलं. चेंडू बाई काढतील, नाहीतर मी काढीन."

मास्तरांनी कागद वाचला, घडी केली आणि परत दिला. "सही करणार न्हाय."

"अहो, पण का?"

"शाल घेऊन जा. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी सहाला माळावर या. नऊ होलं झाली तर झाली. न्हाय झाली तर शाल तितंच आणा."

वकील गेल्यावर मी मास्तरांना म्हटलं की हा शुद्ध आडमुठेपणा आहे. त्यांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं. आतून अक्कांचा आवाज आला, "सुम्म कूड्री!" म्हणजे गप बसा. हे कुणाला होतं ते मला कळलं नाही, आम्ही दोघंही गप्प बसलो.

खरी गोष्ट मला दोन दिवसांनी अक्कांनी सांगितली, शेंगा फोडता फोडता. या वकिलांचे वडील, थोरले वकील, तेही क्लबात होते. मास्तरांचे सर्वांत जुने जोडीदार, वीस वर्षं दर रविवारी बरोबर खेळलेले. म्हातारपणी थोरल्या वकिलांचे गुडघे गेले. खाली वाकता येईना. त्याआधी चेंडू पोरं काढून देत आणि होलाबाहेर राहिलेलाही होलात गेला म्हणून सांगत, म्हणून मास्तरांनी तेव्हाच नियम केला होता: आपला चेंडू आपण काढायचा. थोरल्या वकिलांनी युक्ती केली. घरातला चिमटा काठीला बांधून आणला आणि उभ्या उभ्या चेंडू काढू लागले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. ह्यांनी नियमात 'हातानं' एवढा शब्द घातला."

अक्कांनी टरफलं एका बाजूला सारली. "शाल दिली की वो त्यांना. सभेत हार घातला. ह्यांनीच घातला. म्हातारा हसला, हात जोडले आणि गेला. परत माळाकडं आला न्हाय. आमच्या दारावरनं जायचा तेसुद्धा बंद झाला. वरीस झालं नसंल, वारला. शालीची घडी तशीच होती म्हणे."

मला मास्तरांचा राग आला. चेष्टेचा नाही, खरा राग. एका म्हाताऱ्याच्या हातातला चिमटा हिसकावून घेणारा माणूस, आणि त्याला मी रोज सकाळी एक-दोन-एक करत होते. दोन दिवस मी अंगणात गेले नाही. तिसऱ्या दिवशी मास्तर काठी टेकत माझ्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. नियम अकरा, घरमालकाने भाडेकरूच्या खोलीत शिरू नये.

"बाई, शिट्टी हरवली काय?"

"मास्तर, तुम्ही ठरावावर सही का करत नाही, हे मला कळलंय," मी म्हटलं. "सही केली तर थोरल्या वकिलांवर अन्याय केला हे कबूल करावं लागेल. त्यापेक्षा दुसरा पाय मोडलेला बरा, होय ना?"

मास्तरांचा चेहरा उतरला. ते काठीच्या मुठीवर अंगठा घासू लागले.

"तुमच्या शाळेत एक पोरगी नापास झाली," ते म्हणाले. "दुसऱ्या साली तुमची सोताची पोरगी परीक्षेला बसली. तर पेपर सोपा करता काय?"

ते वळून अंगणात गेले आणि शिट्टीची वाट बघत उभे राहिले. थोड्या वेळाने मी गेले.

वाकायचं नाही आणि जमिनीवरची वस्तू उचलायची, याला कवायतीत उत्तर आहे, हे मला शाळेत पाचवीच्या मुलींना बघताना सुचलं. 'विमान' म्हणून एक प्रकार असतो. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय ताठ मागे उचलायचा आणि धड पुढे झुकवायचं. कमरेत घडी पडत नाही, माणूस तराजूच्या दांडीसारखा नुसता कलतो. पुण्याच्या डॉक्टरांना मी पत्र लिहून विचारलं. त्यांनी उत्तर पाठवलं की ऑपरेशनचा पाय मागे सरळ राहत असेल आणि हाताला आधार असेल तर चालेल. खाली त्यांनी विचारलं होतं, बरणी अजून आहे का?

पाचवीच्या मुली विमान करतात तेव्हा बरं दिसतं. बासष्ट वर्षांचे, पोट सुटलेले, हाफ पँट घातलेले मास्तर डाव्या हाताने गोल्फची काठी रोवून, स्टीलचा पाय मागे आभाळाकडे करून, उजवा हात जमिनीकडे नेत आहेत, हे दृश्य बघायला आमच्या गल्लीला खिडकीतून वाकावं लागलं नाही. लोक सरळ फाटकाशी येऊन उभे राहत. पहिले पंधरा दिवस हात गुडघ्यापर्यंतच पोचे. मग नडगीपर्यंत. एप्रिलच्या मध्यावर अंगणातल्या तुळशीपाशी ठेवलेल्या पेल्यातला चेंडू त्यांनी पहिल्यांदा काढला, आणि पाय खाली आणून ते इतक्या गंभीरपणे माझ्याकडे बघू लागले की मला "शाबास" म्हणावं लागलं. एरवी मी तो शब्द फक्त लहान मुलींसाठी ठेवलेला होता.

शेवटच्या रविवारी आम्ही टांग्याने माळावर गेलो. काठ्यांची पिशवी माझ्या खांद्यावर, पदर खोचलेला, गळ्यात शिट्टी. अक्का आल्या नाहीत. "पडले तर मला दाखवू नका, आणून खाटेवर ठेवा आणि मग बोलवा," एवढं सांगून त्या आत गेल्या होत्या. वकील आधीच येऊन उभे होते. बगलेत वही होती आणि पिशवीत शालीचं टोक दिसत होतं. मास्तरांनी ते बघितलं आणि मान डोलावली.

बघे असतील अशी अपेक्षा नव्हती. पण बातमी मिलमध्ये पोचली होती. रविवारची सुट्टी, त्यामुळे विणकाम खात्यातले पंधरा-वीस जण सायकली बाभळीला टेकवून हजर झाले होते. मास्तरांनी आयुष्यभर यांच्या कापडात खोट काढली होती. "दोन वर्सं माझा माल बाद केला ह्यानं," एक जण मला मोकळेपणाने म्हणाला. "आज आमी बगतो की, ह्याचा माल कसा हाय."

खेळ कसा झाला ते विचारू नका. पूर्वी चार टोल्यांत जिथे पोचत तिथे अकरा लागले. पण प्रश्न टोल्यांचा नव्हता. पहिल्या होलात चेंडू पडला, मास्तरांनी काठी रोवली, मी हळूच शिट्टी वाजवली आणि डावा पाय मागे वर गेला.

"आरं, मास्तर उडालं!" बाभळीखालून आवाज आला आणि मोठा हशा पिकला. मास्तर तसेच कलले, हात भोकात गेला, चेंडू बाहेर आला. हशा थांबला. वकिलांनी वहीत खूण केली. दुसऱ्या होलाला हशा कमी झाला. तिसऱ्याला टाळ्या पडल्या. पाचव्यापासून ती माणसं आमच्याबरोबर चालू लागली, आणि चेंडू दगडांत गेला की सगळी मिळून शोधू लागली. हात मात्र कुणी लावला नाही, नुसतं बोट दाखवायचे. मास्तरांच्या हाताखाली काम केलेली माणसं, नियम त्यांना पाठ असणारच.

सातव्या होलाला ऊन चढलं. मास्तरांचा उजवा पाय, म्हणजे चांगला पाय, थरथरायला लागला. मी म्हटलं, बसा जरा. ते म्हणाले, बसलो तर उठणार न्हाय. आठव्याला चेंडू काढताना काठी वाळूत सरकली आणि ते जेमतेम सावरले. वकील दोन पावलं पुढे धावले होते. "मास्तर, पुरे करू," ते म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला होता. "शपथ सांगतो, माझ्या मनात तसं काही नाही. मला हे बघायचं नव्हतं." मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि नवव्या होलाकडे चालू लागले.

नववं होल चढावर. तिथे पोचायला अर्धा तास लागला. चेंडू ब्राऊनवर आला तेव्हा मास्तरांनी स्वतः गोणपाट ओढून वाळू सारखी केली, तीन टोल्यांत चेंडू होलात घातला आणि काठी रोवली. डावा पाय मागे गेला. उजवा गुडघा लटलटला. पाय परत खाली आला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, हात होलापासून वीतभर वर थांबला आणि पुढे जाईना. ते पुन्हा उभे राहिले. घाम हनुवटीवरून वाळूत पडत होता. माझ्या तोंडात शिट्टी होती, पण वाजवायला श्वास नव्हता. माझं मन म्हणत होतं, मास्तर, सोडा आता, आणि त्याच वेळी म्हणत होतं, काढा हो, काढा एकदाचा. इतकं मी त्यानंतर कधी कुणाच्या परीक्षेला देवाला विनवलं नाही.

मास्तरांनी काठी दोन्ही हातांनी धरली, डावा पाय सरळ पुढे सरकवला आणि उजव्या गुडघ्यावर, मग मांडीवर, मग सगळं अंग एका कुशीवर घेत ते त्या काळ्या, तेलकट वाळूत हळूहळू बसले. पांढरा सदरा, खाकी पँट, लोकरी मोजे, सगळं काळं झालं. स्टीलचा पाय पुढे ताठ. मग हात लांबवून त्यांनी चेंडू होलातून काढला आणि वर धरला.

कुणी टाळी वाजवली नाही.

"वकीलसाहेब," मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "होल पुरं झालं काय? नियम बघून सांगा."

"झालं, मास्तर. बसू नये असं नियमात नाही."

"नऊ?"

"नऊ."

"लिहा." वकिलांनी लिहिलं. "आता त्याच्याखाली लिहा. नियम सात चुकीचा होता. रद्द करतो. करणारा मीच होतो, हेसुद्धा लिहा. आन तुमच्या वडिलांचं नाव मानदातनं काढून खेळणाऱ्यांच्या यादीत परत घाला."

वकिलांची पेन्सिल थांबली. "मास्तर, बाबांना जाऊन आठ वर्षं झाली."

"मला ठाऊक हाय. घाला."

"मग मी त्या दिवशी हाच कागद घेऊन आलो होतो तेव्हा सही का केली नाहीत?"

"तवा मला जमत नव्हतं," मास्तर म्हणाले.

वकिलांनी ते नाव लिहिलं असावं, कारण पेन्सिल थोडी हलली. मला रडू आलं होतं आणि ते लपवायला माझ्याकडे काठ्यांच्या पिशवीशिवाय काही नव्हतं. मिलची माणसं खाली बघत उभी होती. चेंडू खिशात घालून मास्तरांनी उजवा हात वर केला. सहा महिन्यांत त्यांनी अक्कांचा हात धरला नव्हता, माझा धरला नव्हता, पायरी चढतानासुद्धा नाही.

"आता हात द्या," ते वकिलांना म्हणाले.

वकिलांनी वही टाकली आणि दोन्ही हात दिले. मास्तरांचं वजन काही थोडंथोडकं नव्हतं, आणि वकील हुंदके देत होते. त्यामुळे पहिल्या खेपेला मास्तर उठले नाहीत, वकीलच त्यांच्या शेजारी वाळूत बसले.